१,२८० ग्रॅमचा मोह, १,४९० ग्रॅमची निवड: रोड बाइकसाठी परवडणारी कार्बन चाकं

सायकलच्या दुकानात कार्बनचं चाक दिसलं की जो तो आधी ते बोटावर तोलून बघतो आणि मग किंमत विचारतो. विकणाऱ्यांना ही सवय पक्की ठाऊक आहे. म्हणून चिनी कारखान्यांच्या संकेतस्थळांवर सगळ्यात ठळक काय असतं, तर जोडीचं वजन. १,५००, १,४००, १,२८०. आकडा उतरतो तशी किंमत चढते, आणि जास्त पैसे मोजले म्हणजे चाकही जास्त चांगलं असा समज होतो. आपले रस्ते, आपला पाऊस आणि आपल्या गावात मिळणारे सुटे भाग यांच्या हिशेबानं पाहिलं तर हे गणित बऱ्याचदा उलटं पडतं.

इथे विचार केलाय तो डिस्क ब्रेकच्या, ४५ ते ५० मिमी खोल (म्हणजे टायरपासून चाकाच्या मध्याकडे तेवढ्या उंच) रिमच्या, कारखान्याकडून थेट मागवता येणाऱ्या चाकांचा. लाइट बायसिकल, फारस्पोर्ट्स आणि विनस्पेस ही शियामेन शहरातली नावं. एलीट, आयकॅन, योलिओ हीही त्याच पंगतीतली. स्टीलच्या तारांची बरी जोडी साधारण ५०० ते ८०० डॉलरला पडते, कार्बनच्या तारांची त्याहून वर. युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या नावांना याच्या दुप्पट-तिप्पट मोजावे लागतात. ‘परवडणारी’ हा शब्द या तुलनेपुरताच घ्यायचा. एरवी इतक्या पैशांत एक अख्खी चांगली सायकल येते.

२०० ग्रॅमची खरी किंमत

स्वार, सायकल, पाण्याची बाटली मिळून ८० किलो धरा. १,४८० ग्रॅमऐवजी १,२८० ग्रॅमची चाकं घेतली तर एकूण वजन पाव टक्क्यानं कमी होतं. सिंहगड ४० मिनिटांत चढणाऱ्याचे यात पाचेक सेकंद वाचतात. ‘चाकाचं वजन दुप्पट मोजायचं असतं’ हे वाक्य ग्रुप राइडमध्ये हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. रिमवरचा ग्रॅम जवळपास दुप्पट लागतो तो वेग वाढवताना. एका लयीत घाट चढताना तो एका ग्रॅमइतकाच असतो. आणि वेग वाढवतानाही किती? ते २०० ग्रॅम सगळेच्या सगळे रिमवरून कमी झाले असं मानलं, तर उभ्या सायकलीवरून ताशी ३६ किमी गाठताना २० ज्यूल वाचतात. ३०० वॅट लावणारे पाय तेवढी ऊर्जा सेकंदाच्या पंधराव्या भागात देतात.

मग कार्बन घ्यायचंच कशाला? खोलीसाठी. ॲल्युमिनियमची ५० मिमी खोल रिम बनवली तर ती जड होते. कार्बनमध्ये तीच खोली हलक्या वजनात मिळते. सपाट रस्त्यावर ताशी ३० किमीच्या पुढे बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते, आणि तिथे खोल रिमचा फायदा दर मिनिटाला चालू असतो. नवीन सायकलीसोबत आलेली जोडी बऱ्याचदा १,९०० ग्रॅमच्या आसपास असते. तिच्यावरून १,४९० वर आलात की वजनाचा मोठा लाभ पदरात पडला. त्याच्या खालचे प्रत्येक १०० ग्रॅम महाग होत जातात, शिवाय ते कुठून तरी खरवडूनच काढलेले असतात.

फक्त वजनच कमी करायचं असेल तर आधी ट्यूब बदला. साधी ब्यूटाइल रबराची ट्यूब १०० ग्रॅमच्या आसपास, टीपीयू या पातळ प्लास्टिकची ३५ ते ४०. दोन चाकांत सव्वाशे ग्रॅम गेले, तेही नव्या चाकांच्या किमतीच्या चिमूटभर खर्चात.

आकडा खरा की खोटा

कागद घ्या आणि बेरीज करा. ५० मिमी खोल, आत २१ मिमी रुंद अशी डिस्कची दणकट रिम साधारण ४५० ग्रॅमची. दोन मिळून ९००. डीटी स्विस ३५० हबची (चाकाच्या मधल्या भागाची) जोडी ३७५ च्या आसपास. सॅपिम सीएक्स-रे ही चपटी तार २६० मिमी लांबीला सव्वाचार ग्रॅम. २४ अधिक २४ अशा ४८ तारांचे झाले २०४. तारा रिमला आवळणारी ॲल्युमिनियमची निप्पल १५ ते २० ग्रॅम. एकूण १,४९० ते १,५००. आता याच वर्णनाच्या जोडीपुढे कुणी १,३५० लिहिलं असेल तर दीडशे ग्रॅम कुठून गेले हे त्याला विचारायचं. हब हलके असतील तर ठीक. रिमच ३८० ग्रॅमची असेल तर कार्बनचे थर कमी झालेत, आणि पहिल्या खोल खड्ड्यात ते कळेल.

वजन रिमच्या आतून लावायची टेप आणि व्हॉल्व्ह धरून की सोडून, हेही विचारा. सोबत ‘अधिक-उणे ३ टक्के’ अशी ओळ असतेच. १,४५० वर ती ४३ ग्रॅमची सवलत होते, आणि काटा बहुतेक वेळा अधिककडेच झुकतो. स्वाराचा भार किती चालेल हा आकडाही लेखी मागा, आणि तो फक्त स्वाराचा की सायकलसकट, हे त्यात स्पष्ट हवं. ९० किलोच्या पुढच्या स्वारानं मागे २८ तारा घ्याव्यात. चार तारा वाढल्यानं वीस ग्रॅमही वाढत नाहीत.

रिम: रुंदी आणि हूक

आतली रुंदी २१ मिमी आणि २८ मिमीचं टायर ही जोडगोळी आपल्याकडे सगळ्यात निर्धास्त. हे टायर फुगल्यावर २९ मिमीच्या आसपास भरतं, म्हणून रिमची बाहेरची रुंदी निदान २८, जमलं तर ३० मिमी घ्यावी. टायर रिमच्या बाहेर फुगून आलं की हवा तिथेच विस्कटते आणि खोल रिमचे मोजलेले पैसे वाया जातात.

टायरची कड अडकवणारा आतला ओठ, म्हणजे हूक, असलेली रिम घ्यायची की बिनहुकाची? बिनहुकाची बनवायला सोपी आणि थोडी हलकी, त्यामुळे स्वस्त चाकांत ती खूप दिसते. तिच्यात हवेची मर्यादा ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय. टायर तिच्यासाठी मान्य असलेलंच लागतं: कॉन्टिनेन्टल जीपी ५००० एस टीआर चालतं, जुनं साधं जीपी ५००० चालत नाही. आत टीपीयू ट्यूब घातली म्हणून हा नियम बदलत नाही. २०२४ च्या यूएई टूर या शर्यतीत थॉमस डी गेंट या व्यावसायिक सायकलपटूचं टायर बिनहुकाच्या रिमवरून निघालं. रिम आत २५ मिमी आणि टायर २८ मिमीचं होतं. त्यानंतर या मेळावर बराच गदारोळ झाला. आता आपल्याकडचं चित्र डोळ्यांपुढे आणा. ७५ किलोचा स्वार, पाच पीएसआय जास्त-कमी दाखवणारा पंप, आणि पंक्चर झाल्यावर चाकणच्या टपरीवर मिळेल ते टायर. ७२.५ च्या मर्यादेत इतकी ढिलाई खपत नाही. हुकाचीच घ्या.

खोलीबद्दल एक सूचना. ५५-६० किलोच्या आतल्या स्वारानं पुढचं चाक ३५ ते ४० मिमीचंच ठेवावं. घाटाच्या वळणावर दरीतून येणारा झोत किंवा बाजूनं जाणारा ट्रक पुढचं चाक ढकलतो. मागच्या चाकाला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं.

तारा आणि निप्पल

चाकाचं आयुष्य इथे ठरतं, आणि घेणारा नेमकं हेच सगळ्यात कमी वाचतो.

१,३०० च्या आसपासच्या जोड्यांत कार्बनच्या तारा असतात. विनस्पेसची लुन हायपर आणि एलीटची ड्राइव्ह ही त्यातली गाजलेली नावं. चाक कडक लागतं, उभं राहून पॅडल मारताना जाणवतं, वजन उतरतं. यात फसवाफसवी काही नाही. पण अशी एक तार फ्रेमला लागून किंवा गाडीच्या कॅरिअरवर दाबून चिरली तर ती नाशिकला, कोल्हापुरात किंवा पणजीला कुठल्याच दुकानात मिळायची नाही. कारखान्यातून यायला आठवडे लागतात. काही चाकांत तारा हबला चिकटवलेल्याच असतात, तेव्हा तार बदलण्याचा विषयच संपतो. शर्यती खेळणाऱ्याकडे दुसरी जोडी असते. एकाच जोडीवर वर्ष काढणाऱ्यानं स्टीलची तार घ्यावी: सॅपिम सीएक्स-रे, नाहीतर पिलरची चपटी तार.

स्टीलमध्येही दोन जाती. हबपाशी वाकवलेली जे-बेंड आणि सरळ जाणारी स्ट्रेट-पुल. स्ट्रेट-पुल दिसायला देखणी, कारखान्याला भरायला सोपी. जे-बेंड हबला मात्र अडीअडचणीत साधी गोल तार लावून घरी येता येतं. लांबी जुळली की झालं. रूप सोडायला तयार असाल तर जे-बेंडचाच हब मागा. स्ट्रेट-पुल घेतलीत तर ऑर्डरमध्येच प्रत्येक लांबीच्या दोन-दोन जादा तारा आणि निप्पल टाका. पुढच्या-मागच्या चाकाच्या दोन्ही बाजू धरून तीन-चार लांब्या होतात. त्या मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. एकाच खोक्यातून आल्या तर त्यांचा वेगळा टपालखर्च पडत नाही. नंतर एकट्या तारेसाठी तारेच्या दहापट भाडं भरावं लागतं.

निप्पल रिमच्या बाहेर दिसणारी हवीत. आत लपवलेली निप्पल हवेला थोडी बरी आणि फोटोत सुरेख, पण चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा तर टायर उतरवा, सीलंट (बिनट्यूबच्या टायरमध्ये ओतायचं, पंक्चर बुजवणारं द्रव) पुसा, टेप सोला, निप्पल फिरवा आणि पुन्हा नवी टेप लावा. पाच मिनिटांच्या कामाला दीड तास. रस्त्यातल्या सायकलवाल्याला हे सांगूनही पटणार नाही.

धातू पितळ. ॲल्युमिनियमची निप्पल ४८ नगांत तीसेक ग्रॅम वाचवतात, म्हणून कारखाना तीच बसवून पाठवतो. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागले आणि मध्ये खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी पूड धरतं, आणि मग निप्पल फिरायच्या ऐवजी तुटतं. घाम आणि पावसाचं पाणी जाण्यायेण्याच्या वाटेवर नेमकी निप्पलचीच भोकं असतात. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोव्याच्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं. ऑर्डरच्या शेऱ्यात ‘पितळी निप्पल’ असं लिहिलं की बहुतेक कारखाने बदलून देतात.

हब

बऱ्याच तक्रारी मागच्या हबच्या असतात. स्वस्त हबमध्ये पॉल, म्हणजे दातांत अडकणारे खटके असतात, ज्याला दुकानात ‘कुत्ता’ म्हणतात. त्यांच्या बारीक स्प्रिंगमध्ये घट्ट ग्रीस साचलं की कुत्ता दातात बसत नाही, पॅडल मोकळं फिरतं आणि स्वार फ्रेमच्या नळीवर आपटतो. दुसरी रचना दातेरी चकत्यांची, म्हणजे रॅचेटची: दोन चकत्या समोरासमोर, सगळे दात एकदम अडकतात. डीटी स्विसची ही जुनी रचना आता कितीतरी चिनी हबमध्ये दिसते. ३६ दातांची चकती १० अंशांत अडकते. रोडसाठी तेवढं पुष्कळ. ५४ दातांच्या नादी लागू नका, दात जितके बारीक तितके मळाला नाजूक. साफ करताना चकत्यांवर पातळ ग्रीसचा नुसता हात फिरवायचा. जाड थापलं तर दात घसरतात.

बेअरिंगचे क्रमांक ऑर्डरआधी विचारून घ्या. ६९०२, ६८०३ असे सर्रास मिळणारे आकडे असतील तर एखाद्या पावसाळ्यानंतर बेअरिंगच्या दुकानातून दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं नग आणून दाबून बसवता येतं. सिरॅमिकचे पैसे वाचवा. चिखलाच्या पाण्यात सीलच कामाला येतं, छर्रा कशाचा आहे ते नाही.

डीटी ३५० चे हब स्वस्त हबपेक्षा शंभरेक डॉलरनं महाग पडतात. या पूर्ण खरेदीत बिनदिक्कत जादा पैसे टाकावेत अशी ही एकच जागा आहे.

फ्रीहबची, म्हणजे मागच्या गिअरचक्रांचा संच (कॅसेट) हबच्या ज्या भागावर बसतो त्याची, जात चुकवू नका. शिमानोच्या ‘१०५’ व ‘अल्टेग्रा’ या गिअरसंचांच्या ११ आणि १२ स्पीडच्या कॅसेटला ११ स्पीडचा एचजी फ्रीहब चालतो. स्रॅमच्या १२ स्पीडला बहुतेक वेळा एक्सडीआर जातीचा लागतो. १० स्पीडची जुनी कॅसेट ११ च्या फ्रीहबवर घालताना मागे १.८५ मिमीची चकती लागते. ती नसली तर कॅसेट खडखडते आणि लोक हबला शिव्या देतात. ॲक्सल पुढे १२×१०० आणि मागे १२×१४२, डिस्कची बैठक सेंटरलॉक, म्हणजे मधल्या एकाच रिंगनं आवळायची. आपल्या सायकलीवर जाऊन एकदा बघून घ्या.

रिम ब्रेकवाल्यांसाठी

स्वस्त कार्बन रिम घेऊ नका. वरंध किंवा आंबेनळी उतरताना ब्रेक सतत दाबलेला असतो, रिमची उष्णता कार्बनचे थर जोडणाऱ्या रेझिनला सोसत नाही, कडा मऊ पडून फुगतात. पावसात तर ब्रेक लागायलाच उशीर होतो. त्याच पैशांत कॅम्पाग्नोलो झोंडासारखी ॲल्युमिनियमची जोडी घ्या. रिम ब्रेकची झोंडा १,५४० ग्रॅमची आहे आणि खोपोलीच्या उतारावर झोप उडवत नाही.

मागवताना

अलीएक्सप्रेसवर भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे कारखान्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच मागवावं लागतं. सायकलचे भाग सीमाशुल्कात ८७१४ या शीर्षकाखाली येतात. शुल्क चाकांच्या किमतीवर नाही, तर किंमत, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं; त्यावर अधिभार, आणि या सगळ्यावर आयजीएसटी. त्या दिवशीचा दर कुरिअर कंपनीकडून आधी काढून घ्या आणि मगच ‘स्वस्त’ म्हणा. केवायसीची कागदपत्रं तयार ठेवा, नाहीतर खोकं विमानतळावर पडून राहतं आणि गोदामभाडं चढत जातं.

बिलावर किंमत कमी लिहून देऊ का, असं काही विक्रेते आपणहून विचारतात. नको म्हणा. कस्टम अधिकारी किंमत स्वतः ठरवू शकतात, दंड होऊ शकतो, आणि वाटेत रिम फुटली तर विमा बिलावरच्याच आकड्याचा मिळतो. वॉरंटी वाचताना एकच गोष्ट शोधा: परत पाठवायचं भाडं कुणाचं. फोटोवर दावा मंजूर करून नुसती रिम पाठवणारा विक्रेता, पाच वर्षांची वॉरंटी देऊन चाक परत मागणाऱ्यापेक्षा बरा.

खोकं उघडल्यावर

टायर चढवण्याआधी अर्धा तास द्या. टायर चढलं की विक्रेता ‘वापरलेलं’ म्हणतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दोन्ही चाकं वेगवेगळी तोला आणि आकड्यासकट फोटो काढा. सायकल उलटी करून चाक बसवा, फ्रेमला एक झिप-टाय बांधून तिचं टोक रिमच्या कडेशी आणा आणि फिरवा. डावं-उजवं अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त डोललं तर व्हिडिओ करून पाठवा. मग चाक उलट बाजूनं बसवून बघा: झिप-टायपासूनचं अंतर बदललं तर रिम मधोमध नाही. मागच्या चाकाची ही तपासणी कॅसेट आणि डिस्क चढवण्याआधीच उरकायची.

एकाच बाजूच्या तारा बोटानं छेडत जा. आवाज जवळपास सारखा हवा. एखादी मध्येच ढप वाजली तर तिथे ताण कमी आहे. ताणमापक असेल तर मागच्या चाकात कॅसेटच्या बाजूला १०० ते १२० किलो दिसायला हवा. दुसऱ्या बाजूला तो बराच कमी असतो, तो दोष नाही. चपटी तार धरायचा खाचेचा धारक असल्याशिवाय कुणालाही निप्पल फिरवू देऊ नका. तार पिळवटते आणि पहिल्याच राइडला टणटण करत उलगडते.

रिमच्या आतून बोट फिरवा. व्हॉल्व्हच्या भोकाची कड धारदार असेल तर ६०० च्या पॉलिश पेपरनं हलकी मारा, मगच टेप. टेप आतल्या रुंदीपेक्षा दोन-चार मिमी जास्त रुंद, म्हणजे २१ ला २५ मिमीची. ती ताणून लावायची आणि व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना वीतभर एकावर एक येऊ द्यायची. व्हॉल्व्हची लांबी रिमच्या खोलीपेक्षा २० मिमी जास्त हवी. ५० ला ७० चालतो, ८० असला तर पंपाचं तोंड नीट धरतं. २८ मिमीच्या टायरला ३० ते ४० मिलि सीलंट पुरतं. विदर्भाच्या उन्हाळ्यात ते दीड-दोन महिन्यांत सुकतं, तेव्हा व्हॉल्व्हमधून काडी घालून बघत राहा.

डिस्कची सेंटरलॉक रिंग ४० न्यूटन-मीटर, कॅसेटचीही तितकीच. हब बदलला की डिस्क केसभर सरकते आणि पॅडला घासते. ब्रेकच्या कॅलिपरचे (पॅड ज्यात बसतात त्याचे) दोन बोल्ट सैल करा, ब्रेक दाबून धरा, धरलेलाच ठेवून ६ ते ८ न्यूटन-मीटरनं आवळा. गिअरची तारही पाव फेरा मागेपुढे करावी लागते.

पहिल्या ३०० किमीनंतर आऊट एकदा तपासा. तारा बसतात तसा थोडा ताण उतरतो. पुढे कधी खड्ड्यात ‘ठक’ असा कोरडा आवाज आला आणि हवा गेली नाही, तरी घरी येऊन टायर उतरवा. नाण्यानं रिमवर दर दोन इंचांवर टिचकी मारत जा. चांगल्या कार्बनचा आवाज खणखणीत येतो. थर सुटलेल्या जागी तो एकदम बद्द होतो. तिथे खडूनं खूण करा, रात्री टॉर्च आडवा धरून केसासारखी रेघ शोधा, आणि ती सापडली तर त्या चाकावर पुन्हा बसू नका.